गृध्रकूट, राजगीर : धम्मयात्रेला निघण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून बुद्धगया-सारनाथला जाणारी जवळजवळ प्रत्येक धम्म सहल राजगीरला थांबते, पण मोजून चार-पाच तासच. रोपवेने शांतिस्तूप, तिथे फोटो, खाली गरम पाण्याची कुंडं, की बस निघाली नालंद्याकडे. ज्या शिखरावर तथागत राहिले, ते समोर दिसत असूनही राहून जातं. सहलीला निघणारे उपासक-उपासिका जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ती वाचून निदान काही जण तरी अर्धा दिवस जास्त काढतील, अशी मनापासून इच्छा आहे.

गृध्रकूट नेमका कुठे आहे?

बिहारमध्ये, नालंदा जिल्ह्यातल्या राजगीर गावाजवळ. राजगीर म्हणजे पाली ग्रंथांतलं राजगह, मगधाची जुनी राजधानी. पाटण्याहून हे गाव साधारण १०० किलोमीटरवर आहे, बुद्धगयेहून ७५-८०, आणि नालंद्याच्या अवशेषांपासून जेमतेम १२-१५. जुनं नगर चहूबाजूंच्या डोंगरांच्या मधोमध वसलेलं होतं, म्हणून त्याला गिरिव्रज असंही म्हणत.

पाली सुत्तांत इथल्या पाच डोंगरांची नावं येतात: वेभार, वेपुल्ल, पंडव, गिज्झकूट आणि इसिगिलि. आज स्थानिक लोक आणि जैन यात्रेकरू वैभार, विपुल, रत्नगिरी, उदयगिरी, सोनागिरी अशी नावं घेतात, त्यामुळे पुस्तक हातात धरून डोंगर शोधणाऱ्याचा गोंधळ होतो. गृध्रकूट म्हणजे एकटा उभा असलेला उंच डोंगरही नव्हे. छठगिरीच्या उतारातून पुढे आलेला तो खडकाळ सुळका आहे, आणि रत्नगिरी त्याला लागूनच आहे. त्याच्या खडकाचा आकार गिधाडासारखा म्हणून, किंवा तिथे गिधाडं बसत म्हणून हे नाव पडलं, अशा दोन्ही समजुती जुन्या आहेत.

वरचा पांढरा स्तूप म्हणजेच गृध्रकूट ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो, आणि टूरवाले तो दूर करायच्या भानगडीत पडत नाहीत. पांढरा विश्वशांती स्तूप रत्नगिरीच्या माथ्यावर आहे. तो अलीकडचा, १९६९ सालचा. गृध्रकूट त्याच्याखाली, थोडा बाजूला आहे. रोपवे स्तूपापाशी सोडतो, गृध्रकूटावर नाही. स्तूपाच्या आवारातून पायऱ्यांनी खाली उतरून, मग थोडं पुन्हा चढून शिखरावर जावं लागतं. ज्यांना हे आधी कुणी सांगितलेलं नसतं ते स्तूपाला प्रदक्षिणा घालून, ‘गृध्रकूट झाला’ म्हणत परत रोपवेच्या रांगेत उभे राहतात. मग घरी येऊन फोटो बघताना कळतं की तिथे गेलोच नव्हतो.

या डोंगराचं एवढं महत्त्व का?

कारण तथागत इथे पुन्हा पुन्हा येऊन राहिले, आणि त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या प्रवासाची सुरुवातही इथूनच झाली.

दीघनिकाय या पाली सुत्तसंग्रहातलं महापरिनिब्बान सुत्त कुसिनाऱ्याच्या शालवनात संपतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते सुरू मात्र गृध्रकूटावर होतं. मगधाचा राजा अजातशत्रू वज्जींच्या गणराज्यावर चाल करून जायच्या तयारीत आहे. तो आपला महामात्य वस्सकार याला भगवंतांकडे पाठवतो: आधी चरणवंदना कर, प्रकृतीची विचारपूस कर, मग राजाचा बेत सांग आणि ते काय म्हणतात ते नीट लक्षात ठेवून ये. वस्सकार रथातून येतो, रथ जाईल तिथवर रथाने, पुढे पायी. निरोप सांगतो. भगवंतांचा सेवक भिक्खू आनंद मागे उभा राहून पंख्याने वारा घालत असतो.

भगवंत वस्सकाराला थेट उत्तर देत नाहीत. ते आनंदाकडे वळून विचारतात: आनंदा, वज्जी वरचेवर सभा भरवतात, मोठ्या संख्येने जमतात, असं तू ऐकलं आहेस का? एकोप्याने बसतात, एकोप्याने उठतात, एकोप्याने काम करतात का? न ठरलेलं लादत नाहीत, ठरलेलं मोडत नाहीत, असं ऐकलं आहेस का? थोरामोठ्यांचा मान राखतात, त्यांचं ऐकतात का? घरच्या स्त्रियांना, मुलींना बळजबरीने पळवून आणत नाहीत ना? आपल्या चैत्यांचा आदर करतात का? अर्हतांना, म्हणजे मुक्त झालेल्या साधूंना, त्यांच्या राज्यात निर्भयपणे राहता येतं का? प्रत्येक प्रश्नावर आनंद म्हणतो, होय भन्ते, ऐकलं आहे. आणि प्रत्येक वेळी भगवंत म्हणतात, तोवर वज्जींची वाढच होईल, ऱ्हास होणार नाही.

वस्सकार हुशार माणूस. तो म्हणतो, यातला एक धर्म पाळला तरी वज्जी युद्धात हरायचे नाहीत. त्यांना गोडीगुलाबीने फितवावं लागेल किंवा आपसात फूट पाडावी लागेल. तो निघून गेल्यावर भगवंत राजगृहाच्या परिसरातल्या सगळ्या भिक्खूंना एकत्र बोलवायला सांगतात आणि तेच सात नियम संघासाठी सांगतात.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितलं होतं की संसदीय कामकाजाची पद्धत भारताला नवी नव्हती. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळं भिक्खू संघाला माहीत होतं. ते भाषण ज्यांनी वाचलं आहे त्यांनी या शिखरावर येऊन वस्सकाराचा प्रसंग जरूर आठवावा. एका राजाच्या स्वारीचा निरोप आला तेव्हा तथागतांनी विचारलं ते सभेबद्दल, एकोप्याबद्दल आणि स्त्रियांच्या सुरक्षिततेबद्दल. माझ्या मते बुद्धगयेनंतर आपल्या समाजाने सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं ठिकाण हेच, आणि त्याचं कारण हा प्रसंग आहे.

आणखी कोणते प्रसंग इथे घडले?

बरेच. दोन सांगतो, बाकीचे तुम्ही शोधा.

वाटेवर सूकरखाता नावाची गुहा दाखवतात. दीघनख नावाचा परिव्राजक, म्हणजे भटका संन्यासी, तिथे भगवंतांना म्हणाला, “मला कोणतंच मत मान्य नाही.” भगवंतांनी विचारलं, “मग हे तुझं मत तरी तुला मान्य आहे का?” वाद जिंकण्यासाठी हे विचारलं नव्हतं. पुढे त्यांनी मतांना चिकटून राहण्याने भांडण कसं पेटतं, आणि शरीर, वेदना कशा अनित्य आहेत ते समजावलं. या वेळी भगवंतांचे पट्टशिष्य सारिपुत्त मागे उभे राहून वारा घालत होते. संवाद चालला होता दुसऱ्याशी, पण ऐकता ऐकता सारिपुत्तांचं चित्त आस्रवांतून, म्हणजे मनाच्या मळांतून, मुक्त झालं. मज्झिमनिकायात हे सुत्त आहे.

दुसरा प्रसंग देवदत्ताचा, म्हणजे भगवंतांच्या विरोधात गेलेल्या त्यांच्या चुलतभावाचा. भगवंत गृध्रकूटाच्या सावलीत चंक्रमण (ध्यानपूर्वक येरझारा) करत असताना त्याने वरून शिळा ढकलली. विनयपिटक, म्हणजे संघाच्या नियमांचा ग्रंथ, सांगतं की दोन कड्यांनी ती मधेच अडवली, पण तिचा एक टवका उडून भगवंतांच्या पायाला लागला आणि रक्त आलं. त्यांना पायथ्याजवळच्या मद्दकुच्छि मृगवनात नेलं. उपचार वैद्य जीवकाने केले, असं परंपरा सांगते. वाटेवर ‘हीच ती शिळा’ म्हणून कुणी एखादा दगड दाखवला तर ऐकून घ्या आणि पुढे चला. ती ओळखता येईल असा कोणताच पुरावा नाही.

देवदत्ताने भगवंतांवर सोडलेल्या पिसाळलेल्या नालागिरी हत्तीचा प्रसंगही राजगृहातलाच, पण तो डोंगरावरचा नव्हे, नगराच्या रस्त्यावरचा. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात तो रंगवलेला आहे. अजिंठा आधी पाहिलेल्या माणसाला राजगीरची जुनी तटबंदी बघताना ते चित्र आठवल्याशिवाय राहत नाही.

जपानी, चिनी, तिबेटी लोक इथे एवढ्या भक्तीने का येतात?

महायान परंपरेत सद्धर्मपुंडरीक सूत्र, प्रज्ञापारमिता सूत्रांपैकी बरीच, त्यातलं छोटं हृदयसूत्र, या सगळ्यांचं स्थळ गृध्रकूट आहे. तिबेटी परंपरा याला दुसऱ्या धर्मचक्र प्रवर्तनाची जागा मानते. झेन परंपरेत अशी कथा आहे की तथागतांनी इथे काही न बोलता फक्त एक फूल वर धरलं आणि एकटे महाकाश्यप हसले.

अभ्यासक या सूत्रांची रचना बुद्धांनंतर काही शतकांनी झाली असं मानतात. थेरवादी, म्हणजे पाली ग्रंथांच्या, वाचनावर वाढलेल्या आपल्या लोकांना म्हणून कधीकधी वाटतं की यांचं आणि आपलं काय? असं वाटू देऊ नका. जपानी म्हातारी माणसं काठी टेकत, श्वास लागत असताना वर येतात आणि विटांच्या चौथऱ्यासमोर अर्धा-अर्धा तास सूत्रपठण करतात. त्यांच्याशेजारी बसून आपण त्रिशरण-पंचशील म्हटलं तर कुणाचंच काही बिघडत नाही. आशिया खंडातले इतके वेगवेगळे बौद्ध एवढ्या लहान जागेत मांडीला मांडी लावून बसलेले फार थोड्या ठिकाणी दिसतात.

प्राचीन प्रवाशांनी गृध्रकूटाबद्दल काय लिहून ठेवलंय?

चिनी भिक्खू फाहियान पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आला. त्याने नव्या राजगृहात धूप, फुलं, तेल, दिवे विकत घेतले आणि तिथे फार दिवस राहिलेल्या दोन भिक्खूंना सोबत घेऊन तो वर गेला. फुलं वाहिली, अंधार पडू लागला तसे दिवे लावले. त्याला रडू आवरेना. बुद्ध असताना माझा जन्म झाला नाही, मला फक्त त्यांच्या राहण्याच्या खुणा बघायला मिळाल्या, अशा अर्थाचं तो म्हणाला. मग शूरंगम सूत्राचं पठण करून रात्रभर तो तिथेच राहिला.

त्याच्या वर्णनातली एक नोंद फार महत्त्वाची आहे: भगवंत उपदेश करत ते सभागृह पडलेलं आहे, विटांच्या भिंतींचा पाया तेवढा उरला आहे. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीही इथे भग्नावशेषच होते. ‘काहीच राहिलं नाही हो वर’ म्हणून निराश होणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

आनंदाच्या गुहेची कथाही फाहियानानेच दिली आहे. आनंद ध्यानाला बसलेला असताना माराने, म्हणजे साधकांना मोहात पाडणाऱ्या दुष्ट शक्तीने, गिधाडाचं रूप घेऊन त्याला घाबरवलं, तेव्हा भगवंतांनी खडकातून हात घालून आनंदाच्या खांद्यावर ठेवला आणि त्याची भीती गेली.

सातव्या शतकात दुसरा चिनी भिक्खू ह्युएनत्संग आला. अजातशत्रूचा बाप बिंबिसार राजा, त्याने दऱ्या भरून, दगड रचून वर जायला रुंद वाट बांधली होती, असं तो लिहितो. वाटेत दोन छोटे स्तूप होते: एक, जिथे राजा रथातून उतरून पायी चालू लागे, दुसरा, जिथून तो लवाजमा मागे पाठवून एकटा वर जाई. आज तुम्ही पायी चढता ती वाट बिंबिसाराचीच मानली जाते, आणि वाटेत या दोन जागांच्या पाट्या आहेत. दुसऱ्या पाटीपाशी आल्यावर गप्पा थांबवून, मोबाइल खिशात ठेवून पुढे चालावं, असं मी आमच्या गटाला सांगतो. राजाने लवाजमा सोडला, आपल्याला निदान एवढं करता येतं.

वर गेल्यावर प्रत्यक्ष काय बघायला मिळतं?

एक छोटा सपाट माथा. त्यावर विटांच्या बुटक्या भिंतींचा चौकोन, म्हणजे नंतरच्या काळातल्या एका लहान देवळाचा पाया. तिथे पूजेची मांडणी असते: बुद्धमूर्ती, फुलं, मेणबत्त्या, उदबत्त्या. माथ्याच्या थोडं खाली मोठमोठ्या शिळा एकमेकींवर कलून झालेल्या नैसर्गिक गुहा आहेत. त्या आनंद, सारिपुत्त अशा नावांनी दाखवल्या जातात.

गुहेत वाकूनच शिरावं लागतं. आत डोळे जरा सरावले की दिसतं, काळवंडलेल्या खडकावर ठिकठिकाणी सोन्याच्या वर्खाचे इवलेसे चौकोन चिकटवलेले असतात. थायलंड आणि म्यानमारचे यात्रेकरू ते लावतात. काही ताजे, लखलखीत. काही मेणबत्तीच्या धुराने निम्मे झाकलेले. काहींचा एक कोपरा सुटून वाऱ्याने फडफडतो. ते नखाने खरवडू नका, मुलांनाही करू देऊ नका.

आणि मग दृश्य. खाली सगळं झाडीचं रान, जिथे एकेकाळी मगधाची राजधानी होती. समोर डोंगरांची रांग. संयुत्तनिकायात एक छोटं सुत्त आहे, तेही गृध्रकूटावरच सांगितलेलं. एकच माणूस एका कल्पभर जन्म-मरणाच्या फेऱ्यात फिरत राहिला आणि त्याची सगळी हाडं कुणी गोळा करून ठेवली, तर त्यांचा ढीग या वेपुल्ल पर्वताएवढा होईल, असं त्यात म्हटलं आहे. पुढच्या गाथेत पत्ताही दिला आहे: गृध्रकूटाच्या उत्तरेला, मगधांच्या गिरिव्रजात. हे वाचलेलं असलं की तुम्ही वर उभे राहून उत्तरेकडे तोंड करता आणि तो डोंगर तिथे असतो. समोरचा डोंगर दाखवत ते बोलले होते, हे तिथे उभं राहिल्यावरच उमगतं.

चढ किती आहे? दम लागतो का?

सरळ चालणाऱ्या माणसाला पायथ्यापासून अर्धा-पाऊण तास. वाट रुंद आहे, दगडी आहे, बराच भाग सौम्य चढाचा. शेवटी पायऱ्या लागतात. सह्याद्रीतले गड चढणाऱ्याला हा चढ काहीच नाही. साठीच्या पुढच्या माणसांनी मधे बसत बसत तासाभराचा हिशोब धरावा.

दुसरा पर्याय म्हणजे रोपवेने स्तूपापर्यंत जाणं आणि तिथून गृध्रकूटाकडे उतरणं. यात चढ वाचतो पण उताराच्या पायऱ्या गुडघ्यांना त्रास देतात, आणि उतरून पुन्हा शिखरासाठी थोडं चढायचं असतंच. राजगीरचा जुना रोपवे एकेका उघड्या खुर्चीचा. त्या चालत्या खुर्चीत पटकन बसावं लागतं. २०२१ पासून आठ माणसांच्या बंद डब्यांचा नवा रोपवेही आहे. वयस्कर मंडळींसाठी नवाच बरा. दुरुस्तीसाठी रोपवे अधूनमधून बंद असतो, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलवर चौकशी करा.

माझं मत विचाराल तर: ज्यांचे पाय चालतात त्यांनी जाताना पायीच जावं. आधी गृध्रकूट, मग वाटल्यास वर स्तूप, आणि उतरताना रोपवे.

आईला गुडघ्यांचा त्रास आहे. तिला वर नेता येईल का?

स्तूपापर्यंत रोपवेने नक्की. शिखरापर्यंत न्यायला खांद्यावरून खुर्ची नेणारे डोलीवाले मिळतात, पण ते रोज, हव्या तेवढ्या संख्येने असतीलच असं नाही. भाव आधी ठरवा, जाऊन-येऊन किती ते स्पष्ट विचारा. हेही जमत नसेल तर आईला खाली जीवकाम्रवनाजवळ बसवा. जीवकाने संघाला दिलेली आमराई ती हीच, असं मानतात. उत्खननात निघालेल्या लंबगोल इमारतींचे पाये तिथे दिसतात. जागा सपाट आणि झाडीची आहे. वर गेलं नाही तर यात्रा अपुरी, असं तिला कुणी म्हणू नये.

चपला-बूट घालून चढलं तर चालतं का?

खुशाल चढा. माथ्यावरच्या चौथऱ्यापाशी काढायचे.

याबाबत विनयपिटकातली एक गोष्ट याच परिसरातली आहे. सोण कोळिविस हा श्रीमंत घरातला अतिशय सुकुमार तरुण भिक्खू झाला आणि राजगृहाजवळच्या शीतवनात अनवाणी चंक्रमण करत राहिला. इतकं, की पाय फुटून वाट रक्ताने माखली. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांचं उदाहरण दिलं, फार ताणू नये, फार सैल सोडू नये. आणि त्याला एकपदरी वहाणा वापरायची परवानगी दिली. सोण म्हणाला, मी एकटा वापरणार नाही, सगळ्या संघाला परवानगी असेल तर वापरीन. तेव्हा ती सगळ्यांना मिळाली. म्हणून श्रद्धेपोटी अनवाणी चढून पाय पोळून घेऊ नका.

शांतिस्तूप कुणी बांधला? त्याचा महाराष्ट्राशी संबंध आहे म्हणतात, तो काय?

निप्पोनझान म्योहोजी या जपानी संघाचे संस्थापक निचिदात्सु फुजी, म्हणजे आपल्याकडचे फुजी गुरुजी, यांच्या प्रेरणेने तो उभा राहिला. पायाभरणी १९६५ मध्ये राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते आणि उद्घाटन १९६९ मध्ये राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते झालं. स्तूपाच्या चार बाजूंना जन्म, संबोधी, धम्मोपदेश आणि महापरिनिर्वाण दाखवणाऱ्या सोनेरी मूर्ती आहेत. शेजारी जपानी बुद्धविहार आहे. तिथला मोठा ढोल आणि ‘नम्यो हो रेंगे क्यो’चा घोष बऱ्याच लांबून ऐकू येतो. या मंत्रात वंदन आहे ते सद्धर्मपुंडरीक सूत्राला, आणि त्या सूत्राचं स्थळ गृध्रकूट. स्तूपासाठी हाच डोंगर का निवडला ते यावरून कळतं.

महाराष्ट्राचा संबंध वर्ध्याचा. फुजी गुरुजी १९३१ मध्ये भारतात आले आणि १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्यांचा तो मंत्र गांधीजींच्या आश्रमाच्या प्रार्थनेत आला. सेवाग्रामची प्रार्थना ज्यांनी ऐकली आहे त्यांना राजगीरला तो घोष कानावर पडताच ओळखीचा वाटतो. वर्ध्यातही याच परंपरेचा शांतिस्तूप आहे.

वर पैसे मागणारे भेटतात. द्यावेत का?

दोन प्रकार असतात. पायथ्यापासून वाटेवर भीक मागणारी गरीब माणसं असतात. त्यांना काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. दुसरे, पूजेच्या जागी उभे राहून ‘इथे नोट ठेवा, तिथे नोट ठेवा, इतके ठेवलेच पाहिजेत’ म्हणणारे. असा आग्रह ना धम्मात बसतो ना कुठल्या नियमात. परदेशी यात्रेकरूंकडून मोठी रक्कम मिळते म्हणून हे चालतं. हात जोडून ‘नको’ म्हणा आणि बाजूला बसून शांतपणे वंदना करा. दान द्यायचंच असेल तर विहाराच्या दानपेटीत टाका किंवा राहत्या भिक्खूंना भोजनदान द्या.

वंदना कशी करावी? काही विशेष विधी आहे का?

विशेष काही नाही. त्रिशरण, पंचशील, बुद्धपूजा, धम्मवंदना, संघवंदना, जमल्यास परित्राण पाठातलं एखादं सुत्त आणि थोडा वेळ ध्यान, बास. एवढंच सांगेन की ब्लूटूथ स्पीकर वर नेऊ नका. आपली भीमगीतं, बुद्धगीतं बसमध्ये जोरात म्हणा, मीही म्हणतो. पण त्या दहा-वीस पावलांच्या माथ्यावर शेजारी कुणी डोळे मिटून बसलेलं असतं.

आणि एक विनंती. माकडं फार आहेत, त्यांना खायला घालू नका. पिशवी उघडी ठेवली की प्रसाद, बिस्किटं, चष्मा काहीही जाऊ शकतं.

महाराष्ट्रातून राजगीरला कसं जायचं?

रेल्वेने पाटणा किंवा गया गाठणं सोयीचं, पुढे बस किंवा टॅक्सी. नागपूरकरांना बंगळुरूहून येणारी संघमित्रा एक्स्प्रेस पाटण्याजवळच्या दानापूरपर्यंत नेते. मुंबईकरांना गयेसाठी प्रयागराजमार्गे जाणारी हावडा मेल आहे. कोल्हापूर-धनबाद दीक्षाभूमी एक्स्प्रेसही गयेवरून जाते, पण ती आठवड्यातून एकदाच. राजगीरला स्वतःचं स्टेशन आहे आणि दिल्लीहून श्रमजीवी एक्स्प्रेस थेट तिथवर येते. विमानाने पाटणा किंवा गया. वेळापत्रकं बदलतात, तिकीट काढताना ताजं बघून घ्या.

गावात टांगे आणि ई-रिक्षा मिळतात. रोपवेचा पायथा गावापासून पाचेक किलोमीटर. हिंदी सगळ्यांना कळते. घरात मगही बोलतात.

कधी जाऊ?

ऑक्टोबर ते मार्च. डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीत धुक्यामुळे बिहारच्या गाड्या तासन् तास उशिरा धावतात, तेव्हा पुढचं आरक्षण अगदी टेकून ठेवू नका. एप्रिलपासून ऊन भाजून काढतं. पावसाळ्यात डोंगर हिरवागार पण पायऱ्या निसरड्या.

अधिक महिना टाळा. दर तिसऱ्या वर्षी त्या महिन्यात राजगीरला मलमास मेळा भरतो, ब्रह्मकुंडाच्या गरम पाण्यात अंघोळीसाठी लाखो भाविक येतात आणि खोली मिळणं मुश्कील होतं.

राजगीरमध्ये आणखी काय चुकवू नये?

वेळुवन, म्हणजे बिंबिसाराने संघाला दिलेला पहिला विहार, गावातच आहे. वैभार डोंगरावरची सप्तपर्णी गुहा, जिथे महापरिनिर्वाणानंतर महाकाश्यपांच्या अध्यक्षतेखाली ५०० अर्हतांची पहिली संगीती, म्हणजे धम्मसभा, झाली. उपालींनी विनय आणि आनंदांनी धम्म सांगितला. गुहेपर्यंतचा चढ गृध्रकूटापेक्षा कठीण आहे, म्हणून तो सकाळीच उरकावा. डोंगरांच्या माथ्यांवरून गेलेली, न घडवलेल्या प्रचंड दगडांची, चुन्याशिवाय रचलेली जुनी तटबंदी तर रस्त्यावरूनच दिसते. तिची लांबी ४० किलोमीटरच्या आसपास सांगतात.

आणि बिंबिसाराचा तुरुंग. जाड दगडी भिंतींचं एक चौकोनी आवार, एवढंच तिथे आहे, त्यामुळे बस थांबत नाही. अजातशत्रूने बापाला कोंडलं ते इथे, आणि त्या कोठडीतून राजाला गृध्रकूटावरचे भगवंत दिसत, अशी परंपरा आहे. आवारात उभं राहिलं की शिखर खरोखर नजरेच्या टप्प्यात येतं. गाडी पाच मिनिटं थांबवायला लावा.

वर बसून वाचायला काय न्यावं?

महापरिनिब्बान सुत्ताची पहिली काही पानं, दीघनख सुत्त, आणि वेपुल्ल पर्वताच्या उपमेचं ते छोटं सुत्त. मराठी भाषांतराच्या झेरॉक्स घरूनच काढून न्या, वर नेटवर्कचा भरवसा नसतो. एकाने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. सात नियमांचं वाचन मात्र सात वेगवेगळ्या जणांना द्या, त्यात निदान तीन-चार बायका आणि एखादं शाळकरी मूल असू द्या. वाचून झाल्यावर आपल्या विहार समितीच्या बैठका किती नियमित होतात, त्यात बायका किती असतात, भांडण झालं की आपण काय करतो, यावर तिथेच बोललात तर अतिउत्तम. आमच्या एका सहलीत ही चर्चा एवढी रंगली की खालून बसवाल्याचे फोनवर फोन येऊ लागले.

एका दिवसाचा क्रम कसा लावावा?

आदल्या संध्याकाळी राजगीरला मुक्काम करा. बुद्धगयेहून सकाळी निघून दुपारी पोचलात तर चढ भर उन्हात पडतो. पहाटे चहा घेऊन उजाडताच पायथ्याशी या. दोन तास वर द्या, नऊ-साडेनऊपर्यंत शांतिस्तूप, दहाच्या सुमारास खाली. मग जीवकाम्रवन, बिंबिसाराचा तुरुंग, वेळुवन आणि जेवण. संध्याकाळी उशिरापर्यंत डोंगरावर थांबू नका, आजूबाजूला जंगल आहे आणि वाटेवर पुरेसा उजेड नसतो. पाणी प्रत्येकाने स्वतःचं न्यावं आणि रिकामी बाटली परत खाली आणावी.

दुपारनंतर नालंद्याला जाताना वाटेत सिलाव लागतं. तिथला अनेक पदरांचा खुसखुशीत खाजा प्रसिद्ध आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. घरी न्यायला तोच घ्या, चार-पाच दिवस छान टिकतो.